शेळीचा फुगा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हवामानाचा अंदाज आणि शब्दकोडं यांच्या मधल्या जागेत, तीन चौकटींची एक चित्रपट्टी रोज छापून यायची. तिचं नाव ‘फाटक’. उघड्या माळावर एक फाटक उभं आहे. त्याला ना भिंत, ना कुंपण. फाटकाशेजारी स्टुलावर एक मिशाळ चौकीदार आणि त्याच्यासमोर एक शेळी. पात्रं एवढीच. पहिल्या चौकटीत शेळीने काहीतरी विचारायचं, दुसरीत चौकीदाराने उत्तर द्यायचं आणि तिसरीत कुणाची तरी फजिती व्हायची. बहुतेक वेळा ती चौकीदाराचीच व्हायची.

पट्टी काढणारे गृहस्थ उंच होते, डावखुरे होते आणि एकदा बोलायला लागले की ब्रेक नसलेली गाडी बरी असं वाटायचं. त्यांना सगळे चित्रकार म्हणत. पण पट्टीतली अक्षरं त्यांची नव्हती, ती त्यांच्या बायकोची होती. वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

वहिनींचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चित्र चुकलं तर लोक हसतात, अक्षर चुकलं तर दुकान बुडतं, असं ते म्हणत, आणि मुलीला त्यांनी लहानपणापासून अक्षराला बसवलं. लिहिताना शब्द तोंडाने म्हणत लिही, म्हणजे काही गळत नाही, ही त्यांची शिकवण. वहिनी पुढे आयुष्यभर पुटपुटतच लिहीत राहिल्या. त्या दुकानात चित्रांच्या कामाला म्हणून एक लांबडा तरुण आला. एका चष्मेवाल्याच्या पाटीवर त्याने चष्मा घातलेला मासा काढला. मासा कशाला, असं चष्मेवाल्याने विचारलं, तर हा त्याला पटवत बसला की माशाला पापण्या नसतात, त्याला सतत बघावंच लागतं, म्हणजे चष्म्याची खरी गरज त्यालाच. गिऱ्हाईक पाटी न घेता निघून गेलं. वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. वहिनी मात्र पाठ फिरवून हसल्या, आणि ते हसणं आपल्याला फार महागात पडलं, असं त्या पुढे सगळ्यांना सांगत. सांगताना पुन्हा हसत.

‘फाटक’च्या पहिल्याच पट्टीत शेळी फाटकाला वळसा घालून पलीकडे येते आणि विचारते, ‘मी आत आले का?’ चौकीदार म्हणतो, ‘फाटकातून आलीस तरच आत.’ तिसऱ्या चौकटीत शेळी शहाण्यासारखी फाटकातून गेलेली आहे आणि चौकीदार डोकं खाजवतोय, कारण ती आता आत आली की बाहेर गेली, हे त्यालाच सांगता येत नाही. संपादकांना वाटलं होतं, ही शेळी फार दिवस टिकायची नाही. पण लोकांना तिची सवय लागली. चित्रकारांच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून होतं, तिथला सलूनवाला पट्टी कापून आरशाच्या कडेला चिकटवायचा. एकदा शेळीने विचारलं, ‘तू झोपलास की फाटक कुठे जातं?’ चौकीदार म्हणाला, ‘जाणार कुठे? इथेच असतं.’ तिसऱ्या चौकटीत तो बिचारा एक डोळा उघडा ठेवून झोपलाय. त्या दिवशी सलूनमध्ये एक पोस्टमन म्हणाला, असतंच की, जातंय कुठे. त्यावर गालाला साबण लावलेला एक शिंपी खुर्चीतून उठला आणि म्हणाला, बघितलंय कुणी? दोघांची जुंपली ती गालावरचा साबण वाळेपर्यंत. सलूनवाल्याने हे चित्रकारांना सांगितलं, तेव्हा त्यांना झालेला आनंद मावेना. पट्टीला एकदा बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा ते एवढे खूश झाले नव्हते.

वहिनींना या तत्त्वज्ञानाचं फारसं कौतुक नव्हतं. दूध उतू जात असताना वेळ म्हणजे काय असं विचारणारा माणूस घरात असला, की कौतुक लवकर आटतं. त्यांचं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून असायचं, आणि ते समजायला या कामाची रीत सांगायला हवी. पात्राच्या डोक्यावर जो गोल असतो, ज्यात त्याचं बोलणं लिहितात, त्याला फुगा म्हणतात. फुग्याला खाली टोक असतं. ते ज्याच्याकडे वळलेलं, तो बोलणारा. वहिनी त्या टोकाला शेपूट म्हणत. शहाणी माणसं आधी शब्द लिहितात आणि मग त्यांच्याभोवती मापात फुगा काढतात. चित्रकारांचं सगळं उलटं. ते आधी चित्र काढत, फुगे काढत, शेपट्या काढत, आणि फुगे रिकामे सोडून देत. पुष्कळ पट्ट्या अशा पुढच्या काढून ठेवलेल्या असत आणि त्यांचे शब्द फक्त त्यांच्या डोक्यात असत. दर आठवड्याला गठ्ठा कचेरीत न्यायच्या आदल्या संध्याकाळी ते खोलीत येरझारा घालत ते शब्द सांगत, आणि वहिनी टाक शाईत बुडवून लिहून काढत. आता लिंबाएवढा फुगा आणि असल्या बोलघेवड्या माणसाचं वाक्य, यांचा मेळ कसा बसणार?

बसत नाही, असं वहिनी म्हणत. बसव, असं ते म्हणत. मग वहिनी कात्री लावत. एकदा पट्टीत फाटकाच्या सगळ्या फळ्या एकेक करून बदलून झाल्या होत्या आणि जुन्या फळ्यांचं शेळीने दुसरं फाटक उभं केलं होतं. ‘यातलं खरं कुठलं?’ असं ती विचारते. चौकीदाराच्या तोंडी चित्रकारांनी एक भलंमोठं उत्तर सांगितलं: वस्तूचं खरेपण लाकडात नसून तिच्या अखंड इतिहासात असतं, वगैरे वगैरे. वहिनींनी फुग्याकडे बघितलं आणि लिहिलं, ‘ज्याचा पगार मिळतो ते.’ चित्रकार दोन दिवस घुम्यासारखे बसले. मग लोकांची पत्रं आली आणि ते वाक्य आपल्याला कसं सुचलं, हे ते येईल त्याला सांगू लागले. वहिनी ऐकून घेत. त्यांचं नाव पट्टीवर कधीच नव्हतं आणि त्याचं त्यांना खरोखर काही वाटत नव्हतं. आपण फक्त अक्षर काढतो, असंच त्या मानत आल्या होत्या.

एका सकाळी चहा पिता पिता चित्रकारांच्या हातातला कप खाली पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मेंदूत गुठळी अडकली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. डावखुऱ्या माणसाचा डावा हात तेवढा शाबूत राहिला. घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते, ‘हो ना’. चहा हवा का? हो ना. नको का? हो ना. मानही त्या शब्दांबरोबर आपोआप खाली-वर व्हायची. वहिनींनी एकदा त्यांच्यासमोर बसून विचारलं, “मी बोलते ते तुम्हाला कळतंय का?” ते म्हणाले, “हो ना.” मग वहिनींनी धीर करून विचारलं, “काहीच कळत नाही का?” ते त्याच सुरात म्हणाले, “हो ना.” वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसल्या.

टेबलाच्या खणात पुढच्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. चित्रं पूर्ण, फुगे रिकामे. त्यांतले शब्द ज्या डोक्यात होते तिथून ते बाहेर यायची वाट बंद झाली होती. वहिनींनी कचेरीत सांगितलं की चित्रकार आजारी आहेत, पण पट्ट्या तयार आहेत. त्यात खोटं काही नव्हतं. आणि मग त्या फुगे भरायला बसल्या.

हे काम आपल्याला सहज जमेल असं त्यांना वाटलं होतं. इतकी वर्षं ज्याची बडबड ऐकली, त्याच्यासारखं चार शब्द बोलायला कितीसं लागतं? पण चित्राकडे बघून कळेना. शेळी आकाशाकडे बघतेय. काय विचारत असेल? चौकीदाराने बूट काढून हातात घेतलाय, का घेतलाय? वहिनी त्यांच्यासारखा विचार करून बघत, मोठमोठे शब्द जुळवत, मग त्यांच्याजवळ जाऊन वाचून दाखवत. ते म्हणत, हो ना. हल्ली चौकीदार फारच शहाण्यासारखा बोलतो, असं सलूनवाला म्हणाला. पूर्वी त्याच्या बोलण्यात जरा मजा होती, असंही म्हणाला. वहिनींनी त्याला काही सांगितलं नाही.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात विमा कंपनीत नोकरी करायची. ती सुट्टी काढून आली, बापाचं सगळं पथ्यपाणी समजून घेतलं, आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि तिसऱ्या दिवशी स्पष्ट बोलली. दोघांनी आपल्याकडे राहायला यावं, घर मोठं आहे, मदतीला बाई आहे. आणि पट्टी बंद करावी.

“आई, हे बाबांचं नाही. तू लिहितेस आणि खाली नाव त्यांचं छापून येतं. बाबांना त्यातलं काही कळतं, असं तू स्वतःची समजूत घालतेस.”

“कळतं त्यांना,” वहिनी म्हणाल्या.

“कशावरून?”

हीच कुरतड त्यांनाही होती. पूर्वी एका पट्टीत शेळीने चौकीदाराला विचारलं होतं, ‘तुझ्या आत कुणी आहे का?’ तो म्हणाला होता, ‘मी आहे की.’ तिसऱ्या चौकटीत शेळी त्याच्या उघड्या तोंडात डोकं घालून बघतेय. ते लिहिताना वहिनींना हसू आवरेना, आणि चित्रकार कळवळून सांगत होते, अगं, हसतेस काय, हा फार मोठा प्रश्न आहे. समोरच्याच्या आत कुणी आहे हे आपण निव्वळ त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून मानतो. तेव्हा भाजी करपत होती म्हणून वहिनींनी तो मोठा प्रश्न तिथेच सोडला होता. आता तो रोज सकाळी उशाशी बसलेला असे. हा माणूस आत आहे की नुसता पलंगावर आहे? आत असेल तर त्याला न विचारता त्याचं काम बंद करणं म्हणजे जिवंत माणसाच्या तोंडावर दार लावणं. आणि नसेल, तर आपण कुणाशी बोलतोय?

शेवटी त्या लेकीला म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत थांब. त्यांना कळत नाही अशी माझी एकदा खात्री झाली, की मी स्वतः कचेरीत जाऊन पट्टी बंद करते आणि तुझ्याकडे येते. लेक कबूल झाली आणि परत गेली. ती वाईट नव्हती, तिला आईची काळजी होती.

गठ्ठा संपत आला, तेव्हा वहिनींनी एका सकाळी चित्रकारांच्या मांडीवर फळी ठेवली, तिच्यावर जाड कागद लावला आणि डाव्या हातात टाक दिला. ते बराच वेळ टाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी फाटक काढलं. रेषा थोडी कापरी होती, पण फाटक तेच. स्टूल, चौकीदार, मिशा, शेळी, सगळं आलं. फुगेही आले. वहिनींनी लेकीला फोन केला आणि काय काय काढलं ते एकेक करून सांगितलं. लेकीने डॉक्टरांना विचारून कळवलं की असं होतं. ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही तेसुद्धा सही बरोबर करतात, हाताची सवय मागे राहते. त्यावरून आत काय चाललंय हे सांगता येत नाही. डावं-उजवं, आधीचं-नंतरचं यांची गल्लत होऊ शकते, तेही लक्षात ठेवा, असं डॉक्टर म्हणाले.

गल्लत झालेलीच होती. पहिल्या चौकटीतल्या फुग्याची शेपूट चौकीदाराकडे होती आणि दुसरीतली शेळीकडे. म्हणजे प्रश्न चौकीदाराचा आणि उत्तर शेळीचं. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. शिवाय फुग्यांची मापंही बिघडली होती. चौकीदाराचा फुगा बोराएवढा आणि शेळीचा एवढा मोठा, की तिची शिंगं त्याला टेकत होती. वहिनींना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पण पाटीवाल्याची मुलगी ती, चूक दिसली की हात आपोआप पांढऱ्या रंगाकडे जायचा. त्यांनी बारीक ब्रशने दोन्ही शेपट्या पुसल्या, उलट्या दिशेला वळवल्या, शेळीचा बारका प्रश्न आणि चौकीदाराचं लांबलचक उत्तर लिहिलं, आणि मोठा फुगा भरावा म्हणून अक्षरं दुप्पट काढली. आता गठ्ठा साठत नव्हता, एकेक पट्टी रोजच्या रोज कचेरीत जायची. ही पट्टी छापून आली.

सकाळी वर्तमानपत्र पलंगावर ठेवलं, तर चित्रकारांनी ते डाव्या हाताने ढकलून खाली पाडलं. वहिनींना वाटलं, तब्येत नरम असेल. पुढची पट्टी काढली, तिच्यातही शेपट्या उलट्या. वहिनींनी पुन्हा सरळ केल्या. त्याच्या पुढची, तीही तशीच. दर वेळी वहिनी पांढरा रंग घेऊन बसत आणि दर वेळी त्यांचं मन थोडं थोडं खचत जाई. लेकीचं म्हणणं खरं असेल, असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी कपाटातले कपडे बांधायला काढले. महिनाअखेरीला लेक न्यायला यायची होतीच.

ती आली त्या दिवशी सकाळी वहिनींनी सवयीने पेपर चित्रकारांपुढे ठेवला आणि पाणी आणायला गेल्या. परत येऊन बघतात, तर चित्रकारांनी फळीवरचा टाक उचलून छापलेल्या पट्टीवर काहीतरी केलं होतं. त्यांनी दोन्ही शेपट्यांवर काट मारली होती आणि नव्या काढल्या होत्या. पहिली चौकीदाराकडे, दुसरी शेळीकडे.

वहिनी भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. डावं-उजवं कळत नसलेला माणूस दुसऱ्याने केलेली दुरुस्ती कशाला दुरुस्त करील? त्यांनी लेकीला हाक मारली नाही. ती आतल्या खोलीत बॅगा भरत होती आणि अजून सांगण्यासारखं काही हाती नव्हतं.

चित्रकारांनी काढलेला नवा कागद त्यांनी पुढ्यात घेतला. पहिल्या चौकटीत चौकीदार स्टुलावरून उठलाय आणि त्याचा तो बोराएवढा फुगा. दुसरीत शेळी आणि चौकट व्यापून उरलेला तिचा फुगा. तिसरीत शेळी स्टुलावर बसली आहे आणि फाटकाशी चौकीदार उभा आहे. वहिनींनी या वेळी पांढरा रंग घेतला नाही, पेन्सिल घेतली. चौकीदार विचारणार, तर विचारू दे. त्यांनी पुटपुटत त्याच्या फुग्यात लिहिलं, ‘आत कोण?’ चित्रकारांनी डावा हात लांब करून खोडरबर उचलला आणि ते खोडून टाकलं.

वहिनींना आधी वाटलं, चाळा असेल. त्यांनी ‘आज वार कोणता?’ असं बारीक अक्षरात लिहिलं. चित्रकारांनी तेही खोडलं. तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं, की या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, तोंड त्याचं ऐकत नाही. पण हात ऐकतो. वहिनींनी कागदाच्या कडेला, फुग्याच्या बाहेर, मोठ्याने म्हणत लिहिलं, “तुम्हाला काहीही कळत नाही.” चित्रकार म्हणाले, “हो ना,” आणि खोडरबर इतक्या जोरात घासला की कागद चुरगळला. वहिनींनी खाली लिहिलं, “तुम्हाला सगळं कळतं.” ते म्हणाले, “हो ना.” खोडरबर जागचा हलला नाही. वहिनींना रडू फुटलं. पण रडता रडताच त्यांना रागही आला, की इतके दिवस आत बसून होतात आणि मला एकटीला भिंतीशी बोलायला लावलंत. तो राग त्यांनी बोलूनही दाखवला. चित्रकार ऐकत होते.

मग डोळे पुसून त्या प्रश्न शोधायला लागल्या. या माणसाचा प्रश्न म्हणजे काहीतरी मोठाच असणार. ‘वेळ काय?’ लिहिलं, खोडलं. ‘मी कोण?’ लिहिलं, खोडलं. ‘मरण?’ लिहिलं, आणि चित्रकारांनी तेही खोडलं, जरा वैतागूनच. ‘फाटक कुणाचं?’ बोराएवढ्या फुग्यात मावतही नव्हतं, तरी कोंबलं. तेही गेलं. फुग्यातला कागद घासून घासून मऊ पडला. आतल्या खोलीत बॅगेची चेन अडकल्याचा आवाज येत होता. वहिनींनी पेन्सिल खाली टाकली.

“अहो, आता मात्र मी थकले,” त्या म्हणाल्या.

चित्रकारांनी बोटाने फुग्यावर टकटक केलं. वहिनी बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा टकटक केलं. वहिनींनी पेन्सिल उचलली आणि पुटपुटत लिहिलं, ‘थकलीस?’

चित्रकारांनी खोडरबर उचलला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

या आजारपणात डॉक्टरांनी, कचेरीतल्यांनी, सलूनवाल्याने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी एकच विचारलं होतं, त्यांचं कसं आहे? लेकीने काळी वर्तुळं बघितली होती, पण तिनेही निर्णय सांगितला होता, विचारलं नव्हतं. चित्रकारांचं बोट आता शेळीच्या फुग्यावर होतं. वहिनींनी त्या भल्यामोठ्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, ‘नाही.’ चित्रकारांनी खिशातून खोडरबर काढला आणि ते खोडलं. मग वहिनींनी लिहिलं, ‘हो.’ ते तसंच राहिलं. आणि पुढे पुष्कळ जागा होती.

वहिनींनी शाई घेतली. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं कापून फुग्यात बसवणारी ती बाई पहिल्यांदाच न कापता लिहीत गेली. शेळी म्हणाली, ‘हो. थकले. तू बोलायचास तेव्हा तुझी वाक्यं आखूड करून थकत होते, आता तुझ्या जागी बोलून थकलेय. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. तू आहेस की नाहीस, हे रोज सकाळी नव्याने ठरवावं लागतं, त्याने थकले. रात्री तुझा श्वास चालू आहे का ते ऐकत पडते. सगळे म्हणतात मी धीराची आहे. मला धीराचं व्हायचं नव्हतं, मला दुपारी पडून तुझी कटकट ऐकायची होती. फाटक तूच राख थोडा वेळ. मला झोपायचंय.’ त्यांनी प्रत्येक शब्द म्हणत लिहिला, आणि चित्रकारांनी प्रत्येक शब्द ऐकला. लिहून झालं तेव्हा फुग्यात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. ते काही म्हणाले नाहीत, ‘हो ना’ सुद्धा नाही. डावा हात त्यांनी वहिनींच्या मनगटावर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

लेक बाहेर आली तेव्हा शाई वाळत होती. तिने पट्टी उचलून वाचली. वहिनींनी तिला खोडरबराचं सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला पटलं की नाही ते कळेना. पट्टी मी पोचवते, तू आधी आडवी हो, एवढंच ती म्हणाली. ती स्वतः जाऊन कागद कचेरीत देऊन आली. परतली तेव्हा वहिनी भरल्या दुपारी गाढ झोपलेल्या होत्या, आणि पलंगावर टेकून बसलेले चित्रकार त्यांच्याकडे बघत होते.

थोड्या वेळाने फोन वाजला. आई उठू नये म्हणून लेकीने धावत जाऊन घेतला. पान लावणारे उपसंपादक बोलत होते. पट्टी छानच आहे, ते म्हणाले, पण दुसऱ्या फुग्यात अक्षर फार झालंय, छापल्यावर नुसत्या मुंग्या दिसतील. वहिनी तर नेहमी मापात बसवतात. निम्मा मजकूर काढला तर चालेल का, तेवढं चित्रकारांना विचारून सांगा.

थांबा, विचारते, असं लेक म्हणाली. फोनची तार जेमतेम पलंगापर्यंत पोचत होती. तिने सकाळच्या पेपरच्या कडेला पेन्सिलने लिहिलं आणि वाकून बापाच्या कानाशी हळूच म्हटलं, “बाबा, निम्मं कमी करू?”

“हो ना,” चित्रकार म्हणाले. आणि त्यांनी खिशातून खोडरबर काढला, लेकीने लिहिलेलं एकेक अक्षर सावकाश खोडलं, आणि तिच्या डोळ्यांत बघितलं.

पलीकडून उपसंपादक हॅलो हॅलो करत होते. मग तिने फोन तोंडाशी धरला आणि आई जागी होऊ नये एवढ्या हलक्या आवाजात सांगितलं, “बाबा नाही म्हणतायत.”